थरांमध्ये अणू शिरले की चुंबकत्व का बदलतं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. तेव्हापासून 'मॅग्नेट' हा शब्द कोल्हापुरातही इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमपासून शिरोलीच्या एमआयडीसीपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागला. त्याच सुमारास आणखी एका प्रकारच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात: 'एका अणूएवढ्या जाडीचा चुंबक', 'थरांमध्ये लोखंड भरून नवं चुंबकत्व'. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, की स्कूटरच्या मोटरमधल्या महागड्या चुंबकाला हा पर्याय सापडला. तसा तो सापडलेला नाही. पण जे सापडलंय ते मला त्याहून विलक्षण वाटतं आणि ते समजायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही.

चुंबकत्व येतं कुठून?

फौंड्रीत काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पाठ असते. क्रेनला टांगलेला विद्युतचुंबक भंगाराच्या ढिगातून मणामणाचं लोखंड लीलया उचलतो, पण लालभडक कास्टिंगला तोच चुंबक धरत नाही. लोखंड तेच, मग चुंबकाची ओढ गेली कुठे?

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात आणि जोडीतले दोघे एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून असल्यामुळे त्यांचा परिणाम शून्य होतो. लोखंड, कोबाल्ट, निकेल, क्रोमियम अशा धातूंच्या अणूत मात्र काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात. त्यामुळे अख्खा अणूच छोटा चुंबक बनतो.

एवढ्याने काम भागत नाही. कोट्यवधी अणूंची तोंडं कोट्यवधी दिशांना असली तर बाहेरून काहीच जाणवणार नाही. शेजारच्या अणूंचं आपसात जुळावं लागतं. उष्णता हे जुळणं मोडू पाहते. ज्या तापमानाला ती जिंकते त्याला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडासाठी ते ७७० अंश सेल्सिअस आहे. लाल तापलेल्या कास्टिंगमधला प्रत्येक अणू तेव्हाही चुंबकच असतो, फक्त त्यांचा मेळ सुटलेला असतो.

हे जुळणं दोन मुख्य प्रकारचं असतं. सगळ्यांची तोंडं एका दिशेला असली तर तो लोहचुंबकी पदार्थ. शेजाऱ्यांची तोंडं एकाआड एक उलटी असली तर तो प्रतिलोहचुंबकी. दुसऱ्यात आतून कडक शिस्त असते, पण बेरीज शून्य असल्यामुळे टाचणीसुद्धा चिकटत नाही. हे दोन शब्द पुढे लागणार आहेत.

थर आणि त्यांच्यामधली फट

साच्याला ग्रॅफाइटचा हात देणाऱ्या कामगाराची बोटं काळी आणि बुळबुळीत होतात. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू सपाट थरांत बसलेले असतात. एका थरातले दोन शेजारी ०.१४२ नॅनोमीटरवर घट्ट बांधलेले असतात, तर दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर असतं आणि तिथली पकड अगदी सैल. म्हणून थर एकमेकांवरून घसरतात आणि बोटाला लागतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

त्या सैल फटीत दुसरे अणू किंवा रेणू शिरू शकतात. थर तुटत नाहीत, थोडे दूर सरकून जागा करून देतात. शिरलेले अणू पुन्हा काढताही येतात. याला इंटरकॅलेशन म्हणतात. मी पुढे 'शिरकाव' म्हणेन.

शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी जमीन ज्यांनी कसली आहे त्यांनी शिरकाव पायाखाली पाहिला आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं थरांचं खनिज असतं. पाऊस पडला की पाण्याचे रेणू त्याच्या थरांत शिरतात. कोरड्या अवस्थेत सुमारे एक नॅनोमीटरवर असलेले थर पाण्याच्या दोन पदरांनी दीड नॅनोमीटरवर जातात. जमीन फुगते. चैत्र-वैशाखात पाणी निघून जातं, थर मिटतात आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांच्या पायाला तडे जातात तेही यामुळेच. अशा जमिनीवर बांधकाम करताना इंजिनिअर मुरूम भरून घ्यायला सांगतात, त्यामागे हेच कारण.

खिशातला शिरकाव

मोबाईलच्या बॅटरीतही हेच चालतं, फक्त पाण्याऐवजी लिथियम असतं. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट आणि ऑक्सिजनच्या थरांचा पदार्थ. चार्जिंग करताना लिथियम कोबाल्टच्या थरांतून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतं, मोबाईल वापरताना परत येतं. ग्रॅफाइट पूर्ण भरलं की सहा कार्बनमागे एक लिथियम असतं आणि थर सुमारे दहा टक्क्यांनी फाकलेले असतात. या कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळ्याच लिथियम बॅटऱ्या अशा नसतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत लिथियम थरांऐवजी बोगद्यांतून ये-जा करतं.

आता चुंबकत्वाकडे वळू. कोबाल्टचे थर लिथियमने पूर्ण भरलेले असतात तेव्हा तिथल्या कोबाल्टचे सगळे महत्त्वाचे इलेक्ट्रॉन जोडीत असतात, त्यामुळे त्याला स्वतःचं चुंबकत्व नसतं. लिथियम निघून गेलं की त्याच्यामागे कोबाल्टच्या थरातला एक इलेक्ट्रॉनही तारेतून निघून जातो. जोडी फुटते. म्हणजे तुम्ही फोन चार्जरला लावता तेव्हा आत एकेक कोबाल्टचा अणू सूक्ष्म चुंबक होत जातो. त्यांची तोंडं वाटेल तशी असल्यामुळे फोनला खिळा चिकटत नाही, पण प्रयोगशाळेतल्या संवेदनशील उपकरणाला तो बदल स्पष्ट दिसतो.

यातली नीट पाहण्यासारखी गोष्ट अशी, की लिथियम स्वतः चुंबकी नाही. ते फक्त आलं आणि गेलं, तेवढ्याने यजमानाचं चुंबकत्व बदललं.

लिथियमच्या जागी सोडियम घातलं तर प्रकरण आणखी रंगतं. कोबाल्ट-ऑक्सिजनच्या थरांत तीन-चतुर्थांश जागा सोडियमने भरल्या तर उणे २५१ अंशांच्या खाली चुंबकी शिस्त येते. निम्म्या भरल्या तर थंडीत तो पदार्थ वीजरोधक होतो. आणि साधारण एक-तृतीयांश ठेवून वर थरांत पाणी शिरू दिलं तर सुमारे उणे २६८ अंशांना तो अतिवाहक होतो, म्हणजे विजेला अडथळाच उरत नाही. हे २००३ साली जपानमध्ये दिसलं. थर तेच, फक्त मधल्या भरण्याचं प्रमाण वेगळं.

लोखंड शिरवलं तर?

आता मूळ विषय. नायोबियम आणि टँटलम हे धातू गंधकाशी मिळून थरांचे पदार्थ बनवतात. एकेका थरात वर गंधक, मधे धातू, खाली गंधक. दोन थरांमधल्या सैल फटीत लोखंड, क्रोमियम, मँगनीज, कोबाल्ट यांचे अणू बसवता येतात.

बसवायचे कसे? करंगळीएवढी क्वार्ट्झ काचेची नळी घेतात. तिच्यात नायोबियम, गंधक, लोखंड यांची मोजून घेतलेली पूड आणि चिमूटभर आयोडीन टाकतात. हवा काढून नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात. मग नळी आडव्या भट्टीत ठेवतात, एक टोक साधारण ९५० अंशांवर, दुसरं त्याहून थंड. तापमान सावकाश चढवावं लागतं, नाहीतर गंधकाच्या वाफेच्या दाबाने नळी फुटते. आयोडीन धातूला वाफेच्या रूपात वाहून नेतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी थंड टोकाला काळ्या, चकाकत्या, षट्कोनी पत्र्या जमलेल्या दिसतात. त्यातली एखादी चांगली पत्री काही मिलिमीटरची असते. ओतकामात साचा आणि तापमान सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना हे काम मुळीच परकं वाटू नये.

शिरलेले अणू कसेही बसत नाहीत. इलेक्ट्रॉन देऊन टाकल्यामुळे ते धनभारित झालेले असतात, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात आणि शक्य तितक्या समान अंतरावर स्थिरावतात. दर चार जागांत एक भरली तर एक नक्षी बनते, दर तीन जागांत एक भरली तर दुसरी.

नक्षीचा परिणाम बघा. टँटलम सल्फाइडमध्ये चारास एक या प्रमाणात लोखंड असेल तर तो पदार्थ उणे ११३ अंशांच्या खाली लोहचुंबकी होतो. प्रमाण तिनास एक केलं, म्हणजे लोखंड *वाढवलं*, तर ते तापमान उणे २३८ अंशांच्या आसपास घसरतं. यजमान बदलून नायोबियम सल्फाइड घेतलं आणि तिनास एक लोखंड घातलं, तर साधारण उणे २३० अंशांच्या खाली तो प्रतिलोहचुंबकी होतो. लोखंड तेच असून दिशा उलट्या.

असं का होतं: लेझीमच्या ओळी

लोखंडाच्या गोळ्यात अणू अंगाला अंग लावून असतात. इथे तिनास एकच्या नक्षीत एका थरातले दोन लोखंडी अणू अर्ध्या नॅनोमीटरहून जास्त अंतरावर असतात. त्यांचा एकमेकांना थेट पत्ता लागत नाही. निरोप पोचवतात ते थरांतून मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन, ज्यांच्यामुळे पदार्थातून वीज वाहते तेच.

मिरवणुकीतलं लांबलचक लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. पुढे हलगी वाजतेय. मागच्या ओळींना पुढचे खेळाडू दिसत नाहीत, त्या कानावर पडणाऱ्या ठेक्यावर लेझीम उचलतात. आवाज पोचायला वेळ लागतो. जवळच्या ओळीची लेझीम पहिल्या ओळीबरोबरच वर जाते. पण पथक पुरेसं लांब असलं, तर एका ठरावीक अंतरावरच्या ओळीला ठेका इतका उशिरा मिळतो, की पुढच्यांची लेझीम खाली येत असताना तिची वर जाते. त्याहून लांब गेलं की मेळ पुन्हा जुळतो. आणि हलगीवाल्याने लय वाढवली, तर ओळी जागच्या जागी असूनही कोण कुणाशी जुळतं हे सगळं बदलतं.

मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी नेलेला निरोपही अंतराबरोबर असाच पालटतो: एवढ्या अंतरावर 'माझ्याच दिशेला', थोडं पुढे 'माझ्या उलट'. म्हणून चारास एक आणि तिनास एक यांत फरक पडतो, कारण अणूंमधलं अंतर बदललेलं असतं. शिवाय शिरलेला प्रत्येक अणू आपले इलेक्ट्रॉन थराला देतो. म्हणजे ओळींची जागा बदलताना लयसुद्धा बदलते. हे दोन्ही एकदम घडत असल्यामुळे अंदाज बांधणं अवघड जातं. (तुलना इथपर्यंतच खरी. पदार्थात काही वेळाने मिळणारा ठेका नसतो. अणूंच्या दिशा थंडीत स्थिर असतात.)

तिसरी शक्यता मला सगळ्यात सुंदर वाटते. नायोबियम सल्फाइडमध्ये तिनास एक क्रोमियम शिरवलं, तर सुमारे उणे १४५ अंशांच्या खाली थरातले सगळे क्रोमियम एका दिशेला बघतात, पण वरच्या थरातले किंचित वळून, त्याच्या वरचे आणखी किंचित वळून. पूर्ण फेरा ४८ नॅनोमीटरमध्ये होतो. थर साधारण ०.६ नॅनोमीटरवर आहेत, म्हणजे एका फेऱ्याला ऐंशीएक थर लागतात आणि प्रत्येक थर साडेचार अंशांनी वळतो. तिनास एकच्या नक्षीत आरशातल्यासारखी डाव्या-उजव्याची बरोबरी उरत नाही, रचनेलाच डावा किंवा उजवा असा एक हात येतो, त्यामुळे हा पीळ पडतो. चारास एकच्या नक्षीत ती बरोबरी शाबूत असते. बाहेरून योग्य दिशेने चुंबकी क्षेत्र लावलं की हा पीळ एकेक फेरा करत सुटतो. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो सुटताना पाहिला गेला आणि प्रत्येक फेरा मोजता आला.

'लोखंड घातलं तर चुंबकत्व येणारच, त्यात नवल काय?'

ही शंका रास्त आहे. पण लोखंड घालूनही बाहेरून शून्य चुंबकत्व मिळतं, हे वर आलंच. आणि उलटही घडतं. क्रोमियम, जर्मेनियम आणि टेल्युरियम यांचा थरांचा एक पदार्थ उणे २०६ अंशांच्या खाली लोहचुंबकी असतो. २०१९ मध्ये त्याच्या थरांत एक सेंद्रिय आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कार्बनी रेणू, शिरवला गेला. त्या आयनात लोखंड, निकेल, कोबाल्ट काहीही नाही. तरी लोहचुंबकत्व उणे ६५ अंशांपर्यंत टिकलं. आयनामुळे थरांना जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळाले आणि क्रोमियमची आपसातली बांधणी घट्ट झाली.

त्याआधी, २०१८ मध्ये, चीनमधल्या संशोधकांनी लोखंड-जर्मेनियम-टेल्युरियमच्या काही अणूंएवढ्या पातळ पापुद्र्यात विद्युतदाब लावून लिथियम आयन ढकलले. उणे पावणेदोनशे अंशांच्या आसपास संपणारं चुंबकत्व खोलीच्या तापमानापर्यंत आलं. दाब बदलला की ते कमी-जास्तही होत होतं. मला या सगळ्या क्षेत्रातला कळीचा मुद्दा इथे दिसतो. नेहमीच्या चुंबकाचं चुंबकत्व ओतताना, तापवताना एकदा ठरतं. इथे पदार्थ तयार झाल्यानंतर, आत काही अणू ढकलून किंवा काढून, ते फिरवता येतं.

'उणे दोनशे अंशांना चालणाऱ्या गोष्टीचा उपयोग काय?'

बहुतेक उदाहरणं खरोखरच कडाक्याच्या थंडीतली आहेत. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. वरच्या काही पदार्थांना त्याहूनही थंड, द्रव हेलियमच्या मुलखात जावं लागतं. अशा पत्रीला घरातला चुंबक लावला तर ती हलणार नाही. तेव्हा उद्या यातून फोन बनणार, अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नका.

तरी थंड पदार्थांचा अभ्यास वाया जात नाही, कारण नियम तिथे स्वच्छ दिसतात. नायोबियम सल्फाइडमधल्या लोखंडाचंच घ्या. २०२० च्या सुमारास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की त्यातून विजेचे छोटे झटके दिले तर आतल्या प्रतिलोहचुंबकी शिस्तीची मांडणी बदलते आणि बदललेली राहते. म्हणजे माहिती साठवता येते. यासाठी लागलेला विद्युतप्रवाह आधीच्या अशा पदार्थांपेक्षा कितीतरी कमी होता. प्रतिलोहचुंबकी पदार्थाची बेरीज शून्य असल्यामुळे बाहेरचा चुंबक त्यातली नोंद सहज पुसू शकत नाही. हे गुण उबदार तापमानाला मिळवणं, हा आता प्रश्न आहे.

'मग चीनचे चुंबक आणायची गरज संपेल?'

नाही. मोटरला लागते ती ताकद, आणि ताकदीसाठी लागते चुंबकी अणूंची दाटी. मोटरमधल्या निओडिमियम (एक दुर्मिळ मृदा धातू) चुंबकात दर सतरा अणूंपैकी चौदा लोखंडाचे असतात आणि त्याचं क्युरी तापमान सुमारे ३१० अंश आहे. थरांच्या पदार्थात लोखंड तिनास किंवा चारास एक, तेही प्रत्येक धातूच्या अणूमागे दोन गंधक सोडून. त्यातून स्कूटर ओढणारी मोटर होणार नाही. दोन्ही बातम्यांत 'चुंबक' हा शब्द आहे, एवढंच त्यांच्यातलं नातं.

'मोजमापात चूक नसेल कशावरून?'

शंका घ्यावीच, कारण या क्षेत्रात फसगत सोपी आहे. पत्री काही मिलिग्रॅमची असते. तिच्यावर लोखंडाचा डोळ्याला न दिसणारा कण बसला, तरी मूळ पदार्थाच्या चुंबकत्वापेक्षा त्या कणाचं जास्त भरतं. म्हणून असे नमुने स्टीलच्या चिमट्याने उचलत नाहीत, प्लॅस्टिकच्या उचलतात. जिथे हवेत फौंड्रीची धूळ असते तिथे तर हे दुप्पट सांभाळावं लागेल. लोखंडाचं प्रमाण एक-तृतीयांशाहून जरा इकडेतिकडे झालं तरी नायोबियम सल्फाइडमधली शिस्त बदलते. त्यामुळे एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत मिळाला नाही, तर आधी प्रमाण तपासतात, मग वाद घालतात.

आज उपयोग होतोय का?

होतोय, आणि तो बॅटरीतच. महागडं कोबाल्ट कमी करून निकेल वाढवायचा कारखानदारांचा प्रयत्न असतो. अडचण अशी, की निकेलचा आयन आकाराने जवळजवळ लिथियमएवढाच असतो. त्यामुळे पदार्थ भाजताना थोडं निकेल स्वतःचा थर सोडून लिथियमच्या थरात जाऊन बसतं. तिथे ते लिथियमची वाट अडवतं आणि बॅटरीची क्षमता घटते. वस्तू दिसायला तशीच, वजनही तेच. पण चुकीच्या थरात बसलेलं निकेल आजूबाजूच्या निकेलना चुंबकीदृष्ट्या जोडतं आणि थंड करून चुंबकत्व मोजलं की थोड्या प्रमाणातली भेसळही आलेखात उघडी पडते. बॅटरी बनवायच्या आधीच, चिमूटभर काळ्या पुडीवर ही तपासणी करता येते.